अण्णांचा कोट

लक्ष्मीपूजन आटोपते, फटाके वाजवून पोरे दमतात आणि मंडळी फराळाच्या ताटांभोवती बसतात, की घरोघरी एकच गोष्ट घडते. कोणीतरी मोबाइल किंवा कॅमेरा काढतो आणि तासाभरापूर्वी घेतलेले फोटो हातोहात फिरू लागतात. वाचकहो, तुमच्या घरचे ते फोटो मी न पाहता सांगू शकतो. पुढे बसलेल्या आत्याबाई चुना फासल्यासारख्या पांढऱ्याफटक. मागे उभे असलेले काका अंधारात गडप. चिरंजीवांचे डोळे गुंजेसारखे लाल. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा सोहळा मांडला, त्या पणत्या? त्या जणू कोणी फुंकर घालून विझवलेल्या!

मी हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण कित्येक वर्षे आमच्या घरचे फोटो असेच निघत असत. आणि एवढ्यावरच भागले असते तर दिवाळी अंकाची ही पाने मी त्यावर खर्च केली नसती. पण २०१८ साली आमचे अण्णा गेले, आणि फोटो ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, हे मला तेव्हा कळले.

दहाव्याच्या आधी भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. घरातले सगळे अल्बम खाली उतरवले. अण्णा असलेले एकंदर चौदा फोटो निघाले. त्यांतल्या पाचांत ते पाठमोरे, चारांत कोणाच्या तरी खांद्यामागे, दोनांत डोळे मिटलेले. उरलेल्या तिनांपैकी दोन फ्लॅशने जळालेले. शेवटी मावसभावाच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटो घेऊन मी गावातल्या एका स्टुडिओत गेलो. दुसऱ्या दिवशी तयार फोटो हाती आला. चेहरा अण्णांचा होता. पण मानेखाली काळा कोट आणि निळा टाय! आमचे अण्णा जन्मभर मोंढ्यात एका आडत दुकानावर दिवाणजी होते. धोतर, पांढरा सदरा आणि टोपी यांपलीकडे त्यांनी कधी काही अंगावर घातले नाही. स्टुडिओवाल्याचा हेतू चांगलाच होता. घोळक्यातून कापलेल्या डोक्याला धड कुठले तरी द्यायला हवेच ना! तेव्हा घाई होती, म्हणून तोच फोटो लागला आणि भिंतीवर राहिला. आई रोज सकाळी त्याला फूल वाहते. पहिले काही दिवस ती फूल वाहून झाल्यावर क्षणभर थांबायची आणि विचारायची, "कोट कुणाचा हाय रे ह्यो?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कॅमेरा घेतला.

कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एक लेन्स मला स्वस्तात दिली. सोबत तासभर व्याख्यानही दिले. ते सारे डोक्यावरून गेले, हे कबूल करतो. मी मराठीचा माणूस. मला त्या यंत्राच्या नावाचेच कौतुक अधिक. युरोपीय मंडळींनी या कलेला ग्रीक शब्द जोडून 'प्रकाशाने लिहिणे' अशा अर्थाचे नाव दिले. आपण मात्र तिला छायाचित्र म्हटले. त्यांनी उजेड पाहिला, आपण सावली पाहिली. पुढे दोन वर्षे धडपडल्यावर माझे मत असे झाले की, आपले नाव अधिक नेमके आहे. उजेड तर कोणीही पाडतो. सावली कोठे पडू द्यायची, यातच सारी गंमत.

२०२० साली टाळेबंदी आली, कॉलेज बंद पडले, मुले मोबाइलवर शिकू लागली आणि मला वेळ मिळाला. तेव्हा त्या व्याख्यानाचा अर्थ एकदम लागला, तोही आमच्या नळामुळे. जालनेकरांना नळ म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. २०१२ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरमागे हंडे धरून धाव घेतली, त्यांना पाण्याचा हिशेब तोंडपाठ आहे. कॅमेऱ्यातला उजेड म्हणजे नळाचे पाणी. तोटी किती उघडायची, हे लेन्समधले छिद्र ठरवते. किती वेळ उघडी ठेवायची, हे शटर ठरवते. आणि खाली हंडा ठेवायचा की तांब्या, हे ठरवतो आयएसओ नावाचा आकडा. हा आकडा १०० असला तर हंडा. भरायला वेळ लागतो, पण पाणी नितळ. ३२०० असला तर तांब्या. चटकन भरतो, पण घाईच्या पाण्यात गाळ यावा तसे फोटोत दाणे येतात. छिद्राच्या आकड्यांची मात्र एक उलटी तऱ्हा आहे: १.८ म्हणजे मोठे भोक आणि १६ म्हणजे बारीक. असे का, ते सहकाऱ्याने अपूर्णांक मांडून दाखवले होते. आपण ते पाठ करावे आणि पुढे जावे.

एवढे ज्ञान झाल्यावर मी आईला अंगणात बसवले. एप्रिलचा महिना, भर दुपार. 'उजेड भरपूर आहे, फोटो झकास येणार', असा माझा हिशेब. सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, त्यांना सावलीत तरी बसवा!" मी ऐकले नाही. फोटो पाहिला तर आईच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. ऊन डोक्यावरून आले, की भुवयांची सावली डोळ्यांवर पडणारच. बायकोचे ऐकले असते तर बरे झाले असते, हे वाक्य मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे, पुन्हा लिहितो. उन्हातला माणूस ओसरीत आणावा, पाठ घराकडे आणि तोंड मोकळ्या अंगणाकडे करावे. उजेड समोरून आणि पसरून येतो, डोळ्यांत एक चमक दिसते, आणि मुख्य म्हणजे माणूस डोळे किलकिले करीत नाही.

ओसरीतल्या फोटोत दुसरा घोटाळा निघाला. आई बारीक किनारीचे पांढरे लुगडे नेसते. मागची भिंत चुन्याची. फोटोत दोन्ही राखाडी, मळकट! आई म्हणाली, "इतकं खळखळून धुतलं, तरी असं दिसायलंय?" दोष लुगड्याचा नव्हता. कॅमेरा बिचारा आंधळ्यासारखा असतो. समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसते. सगळे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून तो उजेड मोजतो. पुढ्यात पांढरेच पांढरे आले, की 'फार उजेड झाला' म्हणून हात आखडता घेतो. काळेच काळे आले, की उधळपट्टी करतो. यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशा खुणेचे एक बटण असते. पांढऱ्यासमोर अधिक एक, काळ्यासमोर उणे एक. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकले, की शेजारी सूर्याचे चित्र येते. ते वर-खाली सरकवले की तेच काम होते. लग्नाच्या हंगामात ही एक युक्ती लक्षात ठेवली तरी कितीतरी नवऱ्यामुलींचे शालू वाचतील.

घरात रात्री फोटो घ्यायला गेलो, तर काही फोटोंवर आडवे काळे पट्टे. मला वाटले, कॅमेरा बिघडला. सहकाऱ्याने फोनवरच निदान केले. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही; शटर फार वेगाने मिटले, की कॅमेऱ्याला कळते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले की पट्टे जातात. दिवाळीतल्या स्वस्त विजेच्या माळांना हे औषध हमखास लागू पडते.

पण अजून मला हवा तो फोटो मिळाला नव्हता. आईचा चेहरा स्वच्छ येई. पण तो कोणाही म्हातारीचा वाटे, माझ्या आईचा वाटत नसे. अशात मला अजिंठा आठवला.

आमच्या गावाहून भोकरदन, सिल्लोड करीत अजिंठ्याला जाता येते. शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिकडेच जाई. आत शिरल्यावर मिट्ट काळोख. वाटाड्याने दाराशी उन्हात एक आरसा धरला, ऊन लेण्यात वळवले, आत एका पांढऱ्या कापडावर घेतले, आणि काय सांगू! भिंतीवरची माणसे जागी झाली. उजेड त्यांच्यावर पडत नव्हता, त्यांच्याभोवती जमत होता. याच लेण्यांत रॉबर्ट गिल नावाचा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८४४ साली चित्रांच्या नकला करायला आला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच रमला. त्याने केलेल्या बहुतेक मोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळून गेल्या. पण दरम्यान त्याने कॅमेराही हाती धरला होता, आणि त्याने घेतलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली निघाले. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरायचे, ते वाळण्याच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. वाघूर नदीकाठच्या उन्हात हे करणाऱ्या माणसापुढे आपण 'फोटो हलला' म्हणून कुरकुर करतो! त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. साडेतीन किलोंहून जड. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आणि ठिपके अवघे दहा हजार. आज आमच्या कन्येच्या मोबाइलमध्ये कोट्यवधी ठिपके आहेत. अजिंठ्याला मात्र आजही आत फ्लॅश चालत नाही, आणि ते योग्यच आहे; रंग जपायचे आहेत. मला तर वाटते, आपल्या देवघरातही तोच नियम असावा.

असो. सांगत होतो आईच्या फोटोविषयी. आमचे घर जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे. अर्धे घर आता स्लॅबचे झाले. पण मागची एक खोली अजून माळवदाची आहे. तिच्या छताला हातभर लांबरुंद झरोका आहे. आमच्याकडे त्याला सवणं म्हणतात. दहा-साडेदहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली फरशीवर उतरतो. आई रोज त्याच वेळी, त्या चौकोनाच्या कडेला सूप घेऊन डाळ निवडत बसते. तिला तिथे स्पष्ट दिसते, एवढाच तिचा हेतू. चाळीस वर्षे मी ते दृश्य पाहत आलो. कॅमेरा हाती आल्यावरही ते मला दिसले नव्हते.

एके सकाळी मी तिच्यासमोर बसलो. फरशी शहाबादी, काळपट. ती ऊन गिळून टाकी आणि आईच्या तोंडावर काही पोचेना. "एखादं पांढरं कापड आहे का गं?" मी विचारले. आई उठली, आपल्या ट्रंकेतून घडी घातलेले एक धोतर आणले आणि माझ्या हाती न देता स्वतःच त्या उन्हाच्या चौकोनावर पसरले. अण्णांचे होते. ऊन धोतरावर पडले आणि खालून वर, पिठासारखे मऊ होऊन तिच्या चेहऱ्यावर आले. भुवयांखालची सावली विरली. सुरकुत्या राहिल्या, पण त्यांचा धाक गेला. मागची भिंत आपोआप अंधारी झाली. आयएसओ ४००, छिद्र २.८, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. नेम जवळच्या डोळ्यावर धरला, कारण एवढ्या मोठ्या छिद्राला नाक आणि कान एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. डोळा साधला की बाकीचे चालून जाते. उन्हाचा चौकोन फोटोत येऊ दिला नाही. तो आला असता तर सगळा फोटो त्यानेच खाल्ला असता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला, तशी डाळीवरची नजर न काढता आई म्हणाली, "भितीवर लावायलाच काढायलास ना?"

मला काही बोलता येईना. वर्षभर मी तिला 'सहज', 'हौस म्हणून', 'कॅमेरा तपासायला' असे सांगत होतो. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

"काढ की," ती म्हणाली. "मला कोट घालू नको म्हंजे झालं." आणि हसली. तोच फोटो.

मोबाइलमधल्या फोटोला अर्थ नाही, म्हणून तो कागदावर छापून आणला. आईने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "माझी माय अशीच दिसायची बघ, डाळ निवडताना." माझ्या आजीचा एकही फोटो कोणाकडे नाही. ती कशी दिसत होती, हे मला वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा, असे आडवळणाने कळले. फोटो भिंतीवर काही लागला नाही. तो आईच्या ट्रंकेत, त्याच धोतराच्या घडीत आहे. 'येळ आली की काढा', अशी तिची आज्ञा आहे.

त्या धोतराचा अनुभव जमेस धरून आता यंदाच्या लक्ष्मीपूजनाचा बेत सांगतो. कोणाला उपयोगी पडला तर पडो. या दिवसांत आमच्याकडे सूर्य सहाला दहा मिनिटे असताना मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे फार मोलाची. आभाळ अजून निळे असते आणि पणत्या लागलेल्या असतात. दोन्ही उजेड तोलामोलाचे होतात. अंगणातली रांगोळी आणि दारातल्या पणत्या तेव्हाच टिपाव्या. पुढे आभाळ काळे झाले, की पणत्या म्हणजे शाईवर सांडलेले पिवळे ठिपके. आपल्या जुन्या लोकांनी पूजेला नेमका प्रदोषकाळ धरला, तो काही फोटोसाठी नव्हे. पण फोटोवाल्याने त्याचे आभार मानावे.

पूजेच्या वेळी घरातले दिवे दहा मिनिटे बंद ठेवण्याचा ठराव सौ.नी मोठ्या मिनतवारीने मंजूर केला आहे. फ्लॅशची तर बातच नको. फ्लॅशच्या उजेडाला दूरदृष्टी नसते. अंतर दुप्पट झाले, की तो निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. म्हणून आत्याबाई पांढऱ्या आणि काका काळे. पणत्यांचा उजेडही त्याच नियमाने चालतो. मात्र इथे तो नियम आपल्या बाजूने वापरता येतो. पणत्यांचे ताट माणसाच्या जवळ न्यावे. पाच पणत्या, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, पदर आणि केस सांभाळून. आयएसओ ३२००, छिद्र २, शटर सेकंदाचा साठावा भाग. दाणे येतील, येऊ द्यावे. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवू नये. नाहीतर पणतीचा पिवळेपणा हा दोष समजून कॅमेरा तो फिका करायला बघतो, आणि दिवाळीत कार्यालयातला उजेड येतो. तिथे उन्हाचे चित्र निवडावे, म्हणजे तुपाचा रंग राहतो. अंधारात कॅमेऱ्याला नेम सापडत नाही आणि तो पुढे-मागे चाचपडतो. अशा वेळी चेहऱ्यावर क्षणभर मोबाइलची बॅटरी पाडावी, नेम पक्का करावा, बॅटरी विझवावी. आणि कॅमेरा हातात धरू नये. माझ्याकडे तिकाटणे नाही. मी मोल्सवर्थचा कोश वापरतो. सबंध नोकरीत तो ग्रंथ इतका भक्कमपणे कामी आलेला मला आठवत नाही.

हा सगळा बेत मी परवा घरात मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. आई ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "समदं खरं. पर तुझे कुठं हाईत?"

"माझे काय?"

"फोटो. ह्यांचे चौदा तरी निघाले."

कन्येने लगेच संगणक उघडला. कॅमेरा घेतल्यापासूनचे काही हजार फोटो. त्यांत सौ. आहेत, आई आहे, कन्या आहे, शेजारची मांजर आहे. मी दोन फोटोंत सापडलो. एकात आरशात, कॅमेऱ्यामागे तोंड लपलेले. दुसऱ्यात नुसती सावली, फरशीवर.

तेव्हा यंदा कॅमेऱ्याचे दहा सेकंदांचे घड्याळ लावायचे ठरले आहे. नेम कन्या धरणार, माझ्या रिकाम्या पाटावर ठेवलेल्या नारळावर. मी बटण दाबून, रांगोळी न पुसता, समईला धक्का न लावता, दहा सेकंदांत त्या पाटावर जाऊन बसायचे आहे. काल दोनदा सराव केला. पहिल्यांदा पोचलो नाही. दुसऱ्यांदा पोचलो, पण नारळ उचलायचा राहिला. सौ. म्हणतात, पंधरा सेकंदांचे घड्याळ मिळते का ते विचारा.